अपडेट केलं आणि गाव गेलं

यवतमाळला निघालोय म्हटल्यावर आमच्या गल्लीत पहिला प्रश्न आला, "कोण गेलं?" त्या वर्षांत यवतमाळचं नाव वर्तमानपत्रात यायचं ते कापसाच्या बातमीखाली, आणि ती बातमी कधी चांगली नसायची. त्यामुळे कोल्हापुरातली दोन निवृत्त माणसं हौसेने, स्वतःची गाडी घेऊन तिकडे निघालीत हे कुणाला पटेना. "मैत्रिणीच्या शेतात सीतादही आहे, जेवायला बोलावलंय," असं मी सांगायची. मग सीतादही म्हणजे काय ते समजावत बसायचं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी तिकडच्या बायका शेतात पूजा मांडतात, दही-भाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. आमच्याकडे ऊस. उसाला कुणी दही-भात दाखवत नाही, त्याच्यावर थेट कोयता चालतो.

मैत्रीण म्हणजे नलिनी. अमरावतीच्या होस्टेलात बी.एड.च्या वर्षी आम्ही एका खोलीत राहिलो. तिला पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या मोहखेड्याला दिली. तिच्या लग्नाला मी गेले होते. नाल्यातून बैलबंडी चढताना माझी नवी चप्पल चिखलात रुतली, ती काढायला अर्धं वऱ्हाड नाल्यात उतरलं, एवढं मला त्या गावाबद्दल पक्कं आठवतं. त्यानंतर पत्रं, मग फोन, आणि मध्ये केव्हातरी तिने सांगितलं की धरणात गाव जाणार. काही वर्षांनी सांगितलं की गेलं. आता ती वरच्या माळावर, सरकारने आखून दिलेल्या प्लॉटवर राहते. गाव पाण्याखाली गेलं तरी त्यांच्या शेताचा उंचावरचा तुकडा वाचला होता. सीतादही तिथेच व्हायची होती.

आता आमच्या डबीची गोष्ट. गाडीच्या काचेला चिकटवायची, रस्ता दाखवणारी डबी आमच्या मुलाने बंगळूरहून वडिलांच्या वाढदिवसाला पाठवली होती. तिच्यात एक बाई हिंदीत बोलते. आमचे दिनकरराव तिला 'मॅडम' म्हणतात. माझं एक वाक्य ते दुसऱ्यांदा सांगितल्याशिवाय ऐकत नाहीत, मॅडमचं पहिल्यांदाच ऐकतात, पण त्याबद्दल मी फार बोलत नाही.

एका संध्याकाळी सहज चाळा म्हणून आम्ही डबीत आपापली जुनी गावं शोधत होतो. मी मोहखेडा घातलं आणि निघालं की! पिवळी रेघ म्हणजे रस्ता, निळी रेघ म्हणजे नाला, रस्त्याला एक वळण आणि वळणापाशी नाव. मी लगेच नलिनीला फोन लावला.

"अवं मंगल, ते तं कधीचंच पाण्यात गेलं," ती म्हणाली. "आता तिथं मासोळ्या राह्यतात."

तेवढ्यात तिच्या हातून फोन कुणीतरी ओढून घेतला. ते तिचे सासरे. तिकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

"बाई, तुमच्या मशीनमधी आमचं गाव आहे म्हणते?"

"आहे ना मामाजी."

"कुठं दिसून राह्यलं? नाल्याच्या अल्याड का पल्याड?"

मी डबीत पाहिलं. "पलीकडे. वळण घेतलं की लगेच."

मामाजींनी ते पुन्हा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. सात-बाऱ्यातून गेलं, मतदार यादीतून गेलं, एसटीच्या पाटीवरून गेलं. मले वाटलं आता कुठंच नाही राह्यलं. सीतादहीले याच तुम्ही. अन् ते मशीन घेऊन या. मले पाह्यचं आहे."

म्हणजे आमंत्रण नलिनीचं होतं, पण खरी वाट मामाजी पाहत होते, आणि आमची नव्हे, डबीची. नलिनी पुढच्या प्रत्येक फोनला सांगायची की मामाजींनी डोळ्यांचा नंबर तपासून आणला, चष्मा नवा केला, आल्यागेल्याला सांगत सुटलेत की आपलं गाव मशीनमध्ये आहे.

इकडे दिनकररावांना वेगळाच किडा चावला होता. डबी चालू केली की पडद्यावर पाटी यायची: 'आपला नकाशा जुना झाला आहे. अपडेट करायचा?' ज्या माणसाने सगळी नोकरी विमा कार्यालयात केली आणि जो औषधाची तारीख उलटली की सकाळी सातच्या आत बाटली कचऱ्यात टाकतो, त्याला ही पाटी रोज बघवेना. त्यांनी डबी संगणकाला जोडली. संगणक म्हणाला, यंत्र ओळखता येत नाही. मुलाला फोन. मुलगा म्हणाला, वायर काढून परत लावा. लावली. ओळख पटली, नकाशा उतरू लागला, दुपारी सुरू झाला, रात्रीच्या जेवणापर्यंत तीन हिस्से उतरला आणि आमच्या शेजारच्यांनी टेलिफोनच्या तारेला धक्का लावला. दुसऱ्या वेळी सगळं उतरलं, मग एक भलामोठा क्रमांक मागितला, जो खोक्यावर छापलेला होता, आणि खोकं मी रद्दीत दिलं होतं. त्यावरून आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही. शेवटी मुलाने तो क्रमांक कुठूनतरी मिळवून दिला, तेव्हा आम्ही निघायच्या गडबडीत होतो.

महागावच्या अलीकडे

सोलापूर, लातूर, नांदेड हा टप्पा मी सोडून देते, कारण रस्ता बरा होता आणि आमचं भांडण झालं नाही. नांदेडला मुक्काम करून सकाळी निघालो, उमरखेड मागे पडलं आणि यवतमाळ जिल्हा लागला. माझ्या मनातलं चित्र करपलेल्या मुलखाचं होतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना हिरवं-पांढरं कापसाचं शिवार, मध्येच तुरीच्या ओळी, रस्त्याकडेला सोयाबीनचे ढीग आणि लांबवर सागाची टेकडी. अगदी प्रसन्न वाटलं. संकट असतं ते हिशेबात असतं, शिवाराला बिचाऱ्याला काय माहीत.

महागावच्या जरा अलीकडे नवा रस्ता लागला. मॅडमना तो माहीत नव्हता. पडद्यावर आमची गाडी कुणाच्यातरी शेतातून चालली होती आणि मॅडम सारख्या सांगत होत्या, "कृपया वापस मुड़िए." मग एका ठिकाणी ठामपणे म्हणाल्या, "दाहिने मुड़िए." दिनकररावांनी मुडवली. चार ढेकळं ओलांडून गाडी थेट सोयाबीनच्या खळ्यात उभी राहिली.

मळणी करणारा गडी यंत्र बंद करून जवळ आला. डोक्यापासून पायापर्यंत भुसा. गाडीवरचा नंबर वाचून म्हणाला, "पेपरवाले का जी?"

"नाही."

"मंग बँकवाले?"

"नाही हो, पाहुणे आहोत. मैत्रिणीकडे चाललोय."

त्याचा विश्वास बसला नाही. गाड्या घेऊन येणारे सगळे काहीतरी विचारायलाच येतात, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आम्हीही विचारायलाच आलोय, यवतमाळचा रस्ता कुठला? तेव्हा हसला. रस्ता दाखवला आणि खिडकीतून मला ओंजळभर शेंगा दिल्या, हिरव्याच, भाजून खायला. दिनकररावांनी मात्र तावातावाने गाडी मागे घेतली. त्यांचा अपमान झाला होता.

"लोकांच्या गावाला जायचं आणि तारीख उलटलेला नकाशा घेऊन?" ते आर्णी येईपर्यंत म्हणत होते. "ते काही नाही. यवतमाळला पोचलो की पहिलं काम तेच."

यवतमाळ

यवतमाळात उतरल्या उतरल्या पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. मी कोल्हापूरची, मिसळीचा कट पाण्यासारखा पिणारी, म्हणून मोठ्या तोऱ्यात "जादा टाका" म्हटलं. नंतर डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी प्रवासाच्या धुळीवर ढकललं. दुकानदाराने न सांगता दुसऱ्या प्लेटीत साधे पोहे आणून ठेवले.

बाजारात सलीमभाईंचं दुकान सापडलं. वडील घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे, यांनी त्याच टेबलावर संगणक मांडलेत. भिंतीवर अजून बंद घड्याळं लटकलेली आहेत, प्रत्येकाची वेळ वेगळी. सलीमभाई माझ्याच वयाचे, दाढीला मेंदी, बोलणं सावकाश.

"साहेब, घाई करू नोका," त्यांनी डबी उलटसुलट पाहिली. "दुपारी लाइन जाते. तेच्या आत झालं तं झालं. नाही तं मशीन मधातच लटकते, मंग ना इकडची ना तिकडची."

"मग लगेच सुरू करा की."

"पहिले कापी काढू द्या. कापी काढल्याबिगर मी कोणाच्या मशीनले हात नाही लावत. एका माणसाच्या पोरीच्या लग्नाचं सगळं शूटिंग माझ्या हातानं उडलं होतं. त्या पोरीची माय इथं बसून रडली. तवापासून कसम खाल्ली."

त्यांच्या संगणकात खरोखरच अख्खं यवतमाळ साठवलेलं होतं. कुणाची लग्नं, कुणाची बारशी, कुणाचा निवडणुकीचा प्रचार. जे ज्याचं, ते त्याने मागितल्याशिवाय पुसायचं नाही. मला ते पाहून हसू आलं. आम्ही शिक्षक लोक जुन्या उत्तरपत्रिका अशाच ठेवायचो आणि उंदरांची सोय व्हायची.

मी नलिनीसाठी साडी घ्यायला गेले. परत आले तर दिनकरराव दुकानाच्या पायरीवर उभे, चेहरा लग्नातल्या वरबापासारखा. "झालं! लाइट जायच्या आधी झालं! आता अगदी ताजा नकाशा." सलीमभाईंनी मजुरी फारच थोडी घेतली आणि वर चहा पाजला. मीही खूश झाले. एवढे दिवस घरात जो त्रागा चालला होता, तो संपला.

संध्याकाळी लॉजवर दिनकररावांनी दुसऱ्या दिवसाचा रस्ता लावून ठेवायला घेतला. मोहखेडा घातलं. डबी म्हणाली, असं ठिकाण नाही. त्यांनी निरनिराळी स्पेलिंगं घालून पाहिली. नाही. मग बोटाने नकाशा सरकवत सरकवत राळेगावच्या बाजूला नेला, आणि मी मागून पाहिलं. जिथे पिवळी रेघ, वळण आणि नाव होतं तिथे स्वच्छ निळा डाग. मोठा, सुबक, धरणाचा. नवं मोहखेडाही कुठे नव्हतं. नकाशा करणाऱ्यांना पाणी दिसलं होतं, पाण्यातून उठून माळावर गेलेली माणसं दिसली नव्हती.

"अहो," मी म्हटलं. दिनकररावांना मी एरवी नावाने हाक मारते, नुसतं 'अहो' आलं की त्यांना कळतं.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला चिडायचं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून चिडता येईना. सकाळी उठून सलीमभाईंना काही उपाय विचारावा तर दुकान उघडेपर्यंत सीतादही होऊन जाणार होती. वेचणीच्या बायका त्या दिवसात मिळत नाहीत, नलिनीने मोठ्या मिनतवारीने ठरवलेल्या. त्या उन्हाच्या आत येणार होत्या. निघावंच लागलं.

मोहखेडा

सकाळी माणसांना विचारत विचारत गेलो. मॅडम गप्प होत्या. डोक्यावर डबे घेऊन चाललेल्या बायकांना मोहखेडा विचारलं तर एकीने उलट विचारलं, "कोणत्या मोहखेड्याले जायचं जी? पाण्यातल्या का वरच्या?"

"शेतावर. सीतादहीला."

"मंग आमाले बी घ्या ना गाडीत. आम्हीच तं आहो वेचणाऱ्या."

अशा तऱ्हेने नकाशावर नसलेल्या गावाला आम्ही रस्ता जाणणाऱ्या तिघी गाडीत घेऊन पोचलो. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नलिनी उभी होती. केस पांढरे, बाकी तीच. तिने मला पाहिलं, मी तिला, आणि दोघींनी एकदम एकमेकींना सांगितलं की तू किती जाड झालीस. तिचे यजमान एसटीत कंडक्टर, त्यांची ड्यूटी होती. मामाजी तुरीच्या ओळीपाशी, धुतलेला सदरा, नवा चष्मा. त्यांनी रामराम केला आणि नजर सरळ गाडीच्या काचेकडे गेली. तिथे डबी नव्हती. दिनकररावांनी ती आधीच खणात टाकली होती.

पूजा छोटीशीच. कापसाच्या झाडांच्या बुडाशी जागा सारवून नलिनीने हळदीकुंकू वाहिलं, दही-भात ठेवला, पहिल्या फुटलेल्या बोंडातला कापूस वाहिला. पाठोपाठ मलाही वाहायला लावला. बोंड हातात घेतलं तर आत कापूस जरा ऊनऊन लागला, नुकत्याच उतरवलेल्या कपड्यासारखा. मग दही-भात सगळ्यांच्या हातावर पडला, आधी वेचणाऱ्या बायकांच्या, मग आमच्या. बायकांनी कमरेला कापूस भरायचे ओटे बांधले आणि ओळी धरल्या. गेल्या सालचा कापूस अजून भावाची वाट पाहत नलिनीच्या आतल्या खोलीत पडून आहे, हे मला तिने तेव्हाच सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात म्हणाली, "पण यंदाचा पाह्य ना कसा फुटला. पांढरा फक."

धुऱ्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते. कणकेचे जाड गोळे, आतून मऊ, बाहेरून राख झटकायची, फोडायचे, तुपात बुडवायचे, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. आमच्या पोळीला याच्यासमोर उभं राहायची लाज वाटावी. पण माझं लक्ष जेवणात नव्हतं, कारण मामाजी दिनकररावांच्या शेजारी येऊन बसले होते.

"जवाई, ते मशीन?"

"आहे ना. चार्जिंग संपलंय जरा."

"कायनं संपलं? गाडी तं चालू होती. मशीन गाडीवर चालते म्हणे."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असा उघडा पडतो. दिनकररावांनी हात पुसले, गाडीतून डबी आणली, चालू केली आणि मामाजींच्या पुढे धरली.

"मामाजी, मी काल यवतमाळात नकाशा नवा करून घेतला. तुमच्याकडे यायचं म्हणूनच केला. तुमचं गाव त्यात निघून गेलं. माझी चूक झाली."

मामाजींनी चष्मा वर सरकवून निळ्या डागाकडे पाहिलं. मग समोर उताराखाली पसरलेल्या खऱ्या पाण्याकडे पाहिलं. दोन्ही सारखंच होतं.

"पाण्यात गेलं तवा सरकारनं थोडी भरपाई तरी देल्ली होती," ते म्हणाले. "तुम्ही काय देता जवाई?"

नलिनी "मामाजी!" म्हणून ओरडली. मामाजी हसले, दिनकररावांच्या गुडघ्यावर थापटलं. "गंमत केली जी. जाऊ द्या. रोडगा खा, गरम आहे." आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या पानात तूप वाढलं. पण नवा चष्मा त्यांनी काढला, घडी घातला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला. तो खिशात जाताना पाहून मला फार वाईट वाटलं.

नलिनी हळूच म्हणाली, "प्लॉटवर आल्यापासून असेच आहेत. चिठ्ठ्या टाकून प्लॉट भेटले ना, जुना शेजारी एक बी बाजूले नाही आला. घर म्हणून नाव नाही घेत त्याचं. 'प्लॉटवर जातो', 'प्लॉटवर झोपतो.'"

तेव्हा मला त्या बंद घड्याळांच्या दुकानातली पोरीची माय आठवली, रडत बसलेली.

"अहो दिनकरराव!" मी एवढ्या जोरात ओरडले की वेचणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. "कॉपी! सलीमभाईंनी कॉपी काढली होती!"

दिनकरराव ताडकन उठले. अर्धा रोडगा पानात टाकून माणूस उठलेला मी पहिल्यांदा पाहिला. "मी जाऊन आणतो."

"मी बी येतो," मामाजी म्हणाले. चष्मा खिशातच होता, तो पुन्हा डोळ्यांवर चढला.

पुन्हा बंद घड्याळांच्या दुकानात

वाटेत मामाजी पुढे बसले, मी आणि नलिनी मागे. कापसाच्या बंड्या घेऊन यवतमाळच्या जिनिंगला ते तरुणपणी कसे यायचे, कुठे बैल सोडायचे, कुठे भजी खायचे, ते सगळं त्यांनी सांगितलं. जिनिंगपाशी आलो तर फाटक बंद होतं आणि बाहेर दोन रिकाम्या बंड्या. "अजून भाव नाही फुटला," एवढंच ते म्हणाले आणि भज्यांच्या गोष्टीकडे परत गेले.

दुकानात पोचलो तर लाइन गेलेली. सलीमभाई पायरीवर हातपंख्याने वारा घेत बसले होते. सगळी हकीकत ऐकून त्यांनी पंखा थांबवला.

"कापी आहे. इन्शाअल्ला आहे. पण लाइन आल्याबिगर कसं सांगू?"

आम्ही बसलो. चहा आला, परत चहा आला. मामाजी भिंतीवरची घड्याळं निरखत होते. "इथं एक म्हातारबा बसत. मरफीचा रेडिओ देल्ला होता मी तेंच्याजवय."

"माझे अब्बा," सलीमभाई म्हणाले. "मोहखेड्याचे तुम्ही? अब्बा तुमच्या गावाहून हुरडा खाऊन येत. आमाले बी आणत फडक्यात बांधून."

मग नाल्याच्या काठचा हुरडा, रेडिओ, अब्बांची सायकल, अशी त्यांची गाडी सुरू झाली. दिनकरराव मात्र पायरीवर येरझाऱ्या घालत होते. ज्या माणसाने अपडेट होईना म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, तो आता अपडेट निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

लाइन आली तेव्हा ऊन कललं होतं. सलीमभाईंनी संगणक उघडला. लग्नांच्या आणि बारशांच्या रांगेत खाली एका ठिकाणी लिहिलं होतं: 'कोल्हापूरवाले साहेब, जुना.' उलटं काम सुलट कामापेक्षा किचकट निघालं. डबी जुना नकाशा घ्यायला तयार होईना. तिचं म्हणणं, माझ्याकडे याहून नवा आहे. एकदा मध्येच पडदा काळा झाला तेव्हा नलिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. सलीमभाई मात्र शांत. "हिची बी जिद, माझी बी जिद," असं पुटपुटत त्यांनी नवा नकाशा आधी पूर्ण काढून टाकला, मग जुना घातला. डबी पुन्हा पेटली आणि तीच आमची नावडती पाटी आली: 'आपला नकाशा जुना झाला आहे. अपडेट करायचा?'

दिनकररावांनी 'नाही' दाबलं. सलीमभाईंनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. "हुरड्याचं देणं आहे," म्हणाले.

मामाजी लगेच पडद्याला हात घालतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "इथं नोका दाखवू. तिथं जाऊन दाखवा."

काठावर

शेतापासून पुढे जुना मोहखेडा रस्ता तसाच आहे. डांबर उखडलेलं, दोन्ही कडांना बाभळी, कुणी जात नाही. उतरत उतरत तो पाण्यात शिरतो. पाण्याच्या अलीकडे दिनकररावांनी गाडी थांबवली. सूर्य पाण्याला टेकत आला होता, वर बगळे, आणि मॅडम ठामपणे म्हणाल्या, "सीधे चलते रहिए."

"ऐका तिचं," नलिनी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. मामाजी नाही हसले. ते पडद्यावर वाकले होते.

पडद्यावर काय होतं? आमच्या गाडीचा बाण, बाणाच्या पुढे जाणारी पिवळी रेघ, तिला छेदणारी निळी रेघ, एक वळण आणि नाव. बस. मामाजींनी बोट ठेवलं आणि रेघेवरून पुढे न्यायला सुरुवात केली.

"हा नाला. इथं रपटा, पाण्यातूनच बंडी काढा लागे. इथं तुमची चप्पल रुतली होती बाई, मले आठवते. हे वळण. वळलं की मारोती. इकडं सुताराचं घर, तेच्या दारात कडूनिंब. इकडं मास्तरची शाया. मंग बोळ. बोळात पह्यलं घर भागीरथीमावशीचं, तिले कुत्र्याचा लय राग. मंग आमचं."

नकाशात यातलं एकही नव्हतं. बोट पुढे गेलं की घर उभं राही. मी समोरच्या काचेतून पाणी पाहत होते आणि ऐकत होते, आणि मला त्या पाण्याच्या तळाशी सगळी दारं उघडी असल्यासारखं वाटलं. नलिनी मला टेकून रडत होती, आवाज न करता. दिनकररावांनी इंजिन बंद केलं, पण डबी चालू ठेवली.

अंधार पडायला लागला तेव्हा मामाजींनी बोट उचललं. "जवाई, हे असंच ठेवान ना? पुन्हा नवं नाही करान?"

"नाही करणार."

"मंग चाला. घरी जाऊ, पोरीनं सकायपासून धड खाल्लं नाही."

नलिनीने माझ्याकडे पाहिलं. "घरी," ती नुसती ओठांनी म्हणाली. रात्री आम्ही तिच्या आतल्या खोलीत, गेल्या सालच्या कापसाच्या ढिगाशेजारी झोपलो. मी पहाटेपर्यंत शिंकत होते.

कोल्हापूर

आता परत येऊन बरेच दिवस झाले. डबी रोज तीच पाटी दाखवते आणि दिनकरराव रोज 'नाही' दाबतात. मुलगा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "बाबा, पाच मिनिटांत करून देतो." त्याच्या हातातून वायर हिसकावून घेतली गेली. आपल्याच शहरातल्या नव्या पुलापाशी मॅडम आम्हाला हमखास चुकीच्या गल्लीत घालतात, तिथून आम्ही भाजी घेऊन येतो.

मामाजींचा अधूनमधून फोन येतो. तब्येत, पाऊस, कापसाला काय मिळालं, असं सगळं झालं की शेवटी विचारतात, "जवाई, गाव आहे ना जागेवर?"

दिनकररावांना ठाऊक असतं की आहे. मलाही ठाऊक असतं. तरी ते "थांबा हं मामाजी" म्हणून फोन माझ्या हातात देतात, चपला घालतात, जिना उतरून खाली गाडीपाशी जातात, दार उघडून डबी चालू करतात. मी फोन कानाला धरून खिडकीतून पाहत राहते, तिकडे मामाजी थांबलेले असतात. मग खालून दिनकरराव हात वर करतात.

"आहे मामाजी," मी सांगते. "जागेवर आहे."

"नाल्याच्या पल्याडच ना?"

"पल्याडच."